तीन शासनस्तर आणि एक कायदा : वनहक्क अधिनियमाच्या आधारे प्रशासकीय मराठीचा अभ्यास

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील : केंद्र, राज्य आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्यातील अधिकारांची वाटणी थोडक्यात सांगता येईल, एखादे धोरण या तीन स्तरांमधून जाताना त्याची भाषा कशी बदलते हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल, आणि शासकीय मजकुरातील शब्दयोजनेचा नागरिकांच्या हक्कांवर कोणता परिणाम होतो याचे विवेचन करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, 'प्रशासकीय मराठी' या विषयाचा अभ्यास करताना आपण शासन निर्णय, परिपत्रक, अधिसूचना, ठराव इत्यादी लेखनप्रकारांचा परिचय करून घेतला आहे. या प्रत्येक प्रकाराचा साचा ठरलेला असतो. परंतु केवळ साचा ठाऊक असल्याने प्रशासकीय भाषा कळते असे नाही. ही भाषा कोण कोणाशी बोलत आहे, कोणत्या अधिकाराने बोलत आहे आणि ऐकणाऱ्याला उत्तर देण्याची मुभा आहे की नाही, हे समजून घेतल्याखेरीज तिचा खरा अर्थ उलगडत नाही.

भारतात हे बोलणे एकाच शासनाचे नसते. संसद कायदा करते, राज्य शासन त्याची अंमलबजावणी करते आणि ग्रामसभा किंवा नगरपरिषद तो लोकांपर्यंत नेते. धोरणात सुधारणा करावयाची असेल, तर या तिन्ही स्तरांना एकमेकांचे म्हणणे समजावे लागते. राज्यशास्त्रात यास सहकारी संघराज्याचा प्रश्न म्हणतात. भाषेच्या अभ्यासकाला त्याची दुसरी बाजूही दिसते. वेगवेगळ्या संस्था एकच शब्द वापरतात, पण तो एकाच अर्थाने वापरतात का? प्रस्तुत घटकात या प्रश्नाचा विचार एका प्रत्यक्ष कायद्याच्या आधारे केला आहे. तो कायदा म्हणजे अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६; बोलीभाषेत 'वनहक्क कायदा'.

शासनाचे स्तर आणि अधिकारांची वाटणी

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या तीन सूची आहेत : संघ सूची, राज्य सूची आणि समवर्ती सूची. समवर्ती सूचीतील विषयांवर संसद आणि राज्याचे विधिमंडळ या दोघांनाही कायदे करता येतात. 'वने' हा विषय मुळात राज्य सूचीत होता. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत आला. 'जमीन' आणि 'स्थानिक शासन' हे विषय मात्र राज्य सूचीतच राहिले. याचा परिणाम असा की, जंगलाला लागून असलेल्या गावातील माणसाचा प्रश्न एकाच वेळी केंद्राच्याही कक्षेत येतो आणि राज्याच्याही.

तिसरा स्तर नंतर अधिक स्पष्ट झाला. १९९२ साली संमत झालेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्या १९९३ मध्ये अमलात आल्या आणि पंचायती व नगरपालिका यांना संविधानात स्थान मिळाले. अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविता येतील असे २९ विषय दिले असून 'गौण वनोत्पादन' हा त्यांपैकी एक आहे. 'सोपविता येतील' या क्रियारूपाकडे लक्ष द्यावे. हे विषय आपोआप पंचायतीकडे जात नाहीत. ते सोपविण्याचा निर्णय राज्याच्या विधिमंडळाने घ्यावयाचा असतो. अनुसूचित क्षेत्रांसाठी संसदेने १९९६ साली पंचायतींसंबंधीचा विस्तार अधिनियम केला. 'पेसा' या नावाने तो परिचित आहे. त्यात गौण वनोपजाच्या मालकीचा अधिकार ग्रामसभा व पंचायती यांना मिळावा असे म्हटले आहे. महाराष्ट्रात त्याचे नियम २०१४ साली झाले. म्हणजे केंद्राचा कायदा आणि राज्याचे नियम यांच्यामध्ये सुमारे १८ वर्षांचे अंतर पडले. तीन स्तरांतील सहकार्य ही किती संथ प्रक्रिया असू शकते, याची कल्पना एवढ्यावरून येते.

भाषेच्या बाबतीतही अशीच वाटणी आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार कायद्यांचा अधिकृत पाठ इंग्रजीत असतो. राज्याचा कारभार मराठीत चालावा यासाठी महाराष्ट्राने राजभाषा अधिनियम, १९६४ केला. शासनाला लागणारी परिभाषा आणि कायद्यांचे अनुवाद यांसाठी भाषा संचालनालयाची स्थापना ६ जुलै १९६० रोजीच झाली होती. केंद्रीय कायद्यांच्या प्रादेशिक भाषांतील अनुवादांना प्राधिकृत पाठाचा दर्जा मिळावा म्हणून संसदेने १९७३ साली स्वतंत्र अधिनियम केला. तिसऱ्या स्तरावर, म्हणजे ग्रामसभेत, लोक ज्या भाषेत बोलतात ती पुष्कळदा मराठीही नसते. गडचिरोलीत ती गोंडी असेल, मेळघाटात कोरकू असेल, नंदुरबारच्या डोंगरात पावरी किंवा भिली असेल. सारांश, कायदा वरून खाली येताना दोनदा भाषांतरित होतो : एकदा लेखी, अनुवादकाच्या टेबलावर, आणि दुसऱ्यांदा तोंडी, गावाच्या बैठकीत. दुसऱ्या भाषांतराची नोंद कोठेही राहत नाही.

वनहक्क कायद्याची रचना

जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांचे हक्क वसाहतकाळात आणि त्यानंतरही नोंदले गेले नाहीत आणि त्यामुळे त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी स्पष्ट कबुली या कायद्याच्या उद्देशिकेतच आहे. शासनाने आपल्याच कायद्यात असे म्हणणे ही असाधारण गोष्ट होय. कायदा ३१ डिसेंबर २००७ रोजी अमलात आला आणि त्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजी अधिसूचित झाले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर कमाल ४ हेक्टरपर्यंत वैयक्तिक हक्क आणि गावाच्या परंपरागत वापरातील जंगलावर सामूहिक हक्क, असे दोन मुख्य प्रकार त्यात आहेत. अनुसूचित जमातींव्यतिरिक्त इतर वननिवासींना ७५ वर्षांचे, म्हणजे तीन पिढ्यांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते.

या कायद्यात तिन्ही शासनस्तर एका साखळीत गुंफले आहेत. दाव्याची प्रक्रिया ग्रामसभेपासून सुरू होते. ग्रामसभा वनहक्क समिती निवडते. समिती दाव्यांची पडताळणी करते आणि ग्रामसभा ठराव करते. तो ठराव उपविभागस्तरीय समितीकडे जातो आणि तेथून जिल्हास्तरीय समितीकडे. जिल्हास्तरीय समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. या समित्यांवर महसूल, वन आणि आदिवासी विकास या विभागांच्या अधिकाऱ्यांबरोबर पंचायत राज संस्थांचे तीन सदस्य असतात. त्यांपैकी किमान एक महिला असावी लागते. राज्य पातळीवर सनियंत्रण समिती असते आणि केंद्रात आदिवासी कार्य मंत्रालयाकडे या कायद्याची जबाबदारी असते.

या साखळीचे वैशिष्ट्य असे की, तिची पहिली कडी सर्वांत खाली आहे. एरवी धोरण वरून खाली 'पोहोचविले' जाते. येथे हक्काची प्रक्रिया खालून सुरू होऊन वर जाते. म्हणूनच ग्रामसभेच्या ठरावाची भाषा या कायद्यात निर्णायक ठरते. ठरावात काय लिहिले आहे, यावर पुढच्या दोन्ही समित्या विचार करतात.

खालून वर गेलेले शब्द

भाषांतर नेहमी इंग्रजीतून मराठीत होते, असा आपला समज असतो. वनहक्क कायद्याच्या मूळ इंग्रजी पाठात मात्र काही शब्द आपल्याच परिसरातून गेलेले आहेत. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा शब्द म्हणजे 'निस्तार'.

संस्कृतात 'निस्तार' म्हणजे पार पडणे, सुटका होणे. जुन्या मध्य प्रांतात, म्हणजे आजचा विदर्भ, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या भागांत, या शब्दाला एक व्यवहारातला अर्थ प्राप्त झाला. जळण, गवत, बांबू, घरासाठी लाकूड, गुरांची चराई अशा रोजच्या गरजा गावाच्या सामाईक जमिनीतून व जंगलातून भागविण्याची जी रीत, ती निस्तार. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये 'निस्तार पत्रक' तयार करण्याची तरतूद आहे आणि त्याच प्रकरणात 'वाजिब-उल-अर्ज' हा गावाच्या वहिवाटी नोंदविणारा दस्तऐवजही आहे. पहिला शब्द संस्कृतोद्भव आहे, तर दुसरा फारसीच्या वाटेने आलेला आहे. दोन्ही शब्द महसुली व्यवहारात मुरलेले आहेत.

२००६ च्या केंद्रीय कायद्यात सामूहिक हक्कांचे वर्णन करताना 'निस्तार, मग त्याला कोणत्याही नावाने संबोधले जात असो' अशा आशयाची शब्दयोजना आहे. तिचे दोन विशेष आहेत. पहिला असा की, देशभर लागू होणाऱ्या कायद्यात एका प्रदेशाचा शब्द जसाच्या तसा स्वीकारला गेला, कारण त्याला इंग्रजी पर्याय नव्हता. दुसरा असा की, 'कोणत्याही नावाने' या शब्दांमुळे इतर प्रदेशांतील वेगळ्या नावांच्या वहिवाटींनाही दार उघडे राहिले. ग्रामसभेची व्याख्या करताना त्याच कायद्यात 'पाडा' आणि 'टोला' हे शब्दही आले आहेत. मराठी वाचकाला ते परके नाहीत. पालघर-ठाण्यात वस्तीला पाडा म्हणतात आणि पूर्व विदर्भात टोला म्हणतात. कायदा करणाऱ्यांनी स्थानिक व्यवहाराकडे पाहिले की कायद्याची भाषाही समृद्ध होते, असे या उदाहरणांवरून दिसते.

एका वनस्पतीची दोन नावे

आता याच्या उलट उदाहरण पाहू. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये 'झाड' या संज्ञेची व्याख्या दिली आहे. तीत ताडवर्गीय वृक्ष, बांबू, खुंट, झुडुपे आणि वेत यांचा समावेश केला होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे. पण कायद्यातील व्याख्या ही वस्तूचे वर्णन करण्यासाठी नसते; ती वस्तू कोणाच्या अधिकारात येईल हे ठरविण्यासाठी असते. बांबू 'झाड' ठरला की तो तोडल्यावर इमारती लाकडाप्रमाणे वनविभागाच्या नियंत्रणाखाली येतो आणि त्याच्या वाहतुकीला परवाना लागतो.

२००६ च्या वनहक्क कायद्यात 'गौण वनोपज' या संज्ञेची व्याख्या आहे. तीत बांबू, झुडुपे, खुंट, वेत, टसर, मध, मेण, लाख, तेंदूपाने, औषधी वनस्पती, कंदमुळे यांचा उल्लेख आहे. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्यास बांबू, झुडुपे, खुंट आणि वेत हे चारही शब्द दोन्हींत आढळतात. एका कायद्याने ज्यास झाड म्हटले, त्यासच दुसऱ्या कायद्याने गौण वनोपज म्हटले. दोन्ही कायदे केंद्राचेच होते. परंतु पहिला राबविणारा वनविभाग राज्याचा होता आणि दुसऱ्याचा आधार घेणारी ग्रामसभा गावाची होती. विसंगती कागदावर केंद्राच्या पातळीवर निर्माण झाली. तिचा त्रास मात्र बांबू तोडणाऱ्या गावाला सोसावा लागला.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा हे गोंड समाजाचे गाव आहे. लेखा ग्रामपंचायतीत येत असल्यामुळे ते 'मेंढा (लेखा)' या नावाने ओळखले जाते. २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाले. देशात असे हक्क सर्वांत आधी मिळविणाऱ्या गावांत त्याची गणना होते. हक्क मिळाले तरी बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना कोणी द्यावा, हा वाद शिल्लक होता. मार्च २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हे गौण वनोपज असल्याचे कळविले. पुढच्याच महिन्यात, एप्रिल २०११ मध्ये, मेंढा येथे केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्राने वनहक्क नियमांत दुरुस्ती केली आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीला किंवा ग्रामसभेने प्राधिकृत केलेल्या व्यक्तीला असल्याचे स्पष्ट केले. पुढे २०१७ साली १९२७ च्या अधिनियमातील 'झाड' या व्याख्येतून 'बांबू' हा शब्द वगळण्यात आला. खासगी व वनेतर जमिनीवरील बांबू परवान्यातून मुक्त व्हावा, हा त्या दुरुस्तीचा मुख्य हेतू होता.

घटनाक्रम ध्यानात घ्यावा. ग्रामसभेने प्रश्न उपस्थित केला, केंद्राने अर्थ स्पष्ट केला, राज्याने परवान्याचे पुस्तक गावाच्या हाती दिले आणि त्यानंतर नियमाचा मजकूर बदलला. धोरणातील सुधारणा म्हणजे केवळ नवा कायदा नव्हे. जुन्या शब्दाचा अर्थ तिन्ही स्तरांनी मिळून निश्चित करणे हीदेखील सुधारणाच आहे.

'आमचे सरकार' आणि 'आम्हीच सरकार'

मेंढा गावाची एक घोषणा महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे : 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' तीन शासनस्तरांतील संबंध इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच मांडला गेला असेल. व्याकरणाच्या अंगाने या घोषणेकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

पहिल्या भागात 'आमचे' हे संबंधदर्शक रूप आहे. सरकार आणि आम्ही या दोन वेगळ्या गोष्टी असून त्यांच्यात आपलेपणाचे नाते आहे, असे ते सांगते. दुसऱ्या भागात 'आम्ही' हे उद्देश्य आहे आणि 'सरकार' हे विधेय. येथे संबंध नसून तादात्म्य आहे. 'च' या अव्ययाने ते तादात्म्य निश्चित केले आहे. दिल्ली आणि मुंबई येथील सरकारे या घोषणेने नाकारलेली नाहीत. त्यांना 'आमचे' म्हटले आहे. पण गावाच्या कक्षेत प्रतिनिधी नको, लोक स्वतःच निर्णय घेतील, असे ती सांगते. प्रातिनिधिक लोकशाही आणि प्रत्यक्ष लोकशाही यांतील भेद मराठीच्या विभक्तिव्यवस्थेने येथे सहज व्यक्त केला आहे. या गावाने अभ्यासगट आणि सर्वसहमतीने निर्णय ही पद्धत दीर्घकाळ जोपासली, ही गोष्टही या घोषणेच्या अर्थाशी जुळणारी आहे.

शब्द बदलला की नाते बदलते

आता प्रशासकीय मराठीतील तीन शब्दप्रश्नांकडे वळू. या प्रश्नांमुळे तीन स्तरांतील सहकार्य अडखळते.

पहिला प्रश्न 'ग्रामसभा' या शब्दाचा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामसभा म्हणजे पंचायत क्षेत्राच्या मतदारयादीतील सर्व व्यक्ती. एका पंचायतीत तीन-चार वाड्या असल्या तरी ग्रामसभा एकच. पेसा कायदा मात्र परंपरेने आपले व्यवहार चालविणाऱ्या वस्तीलाही गाव मानतो आणि त्या वस्तीची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. वनहक्क कायद्यात गावातील सर्व प्रौढ व्यक्तींची सभा अभिप्रेत आहे आणि गावाचा अर्थ लावताना पेसाचीही दखल घेतली आहे. एकच शब्द, पण सभेला कोण बसणार याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळे. '५० टक्के गणपूर्ती' असे परिपत्रकात लिहिले, तर ती कोणत्या संख्येच्या ५० टक्के, हे या अर्थावर अवलंबून राहते. डोंगरातल्या पाड्यावर शंभर माणसे जमली तरी, मोठ्या पंचायतीच्या हिशेबाने ती सभा अपुरी ठरू शकते.

दुसरा प्रश्न 'मान्यता' आणि 'वाटप' यांतील भेदाचा. कायद्याच्या नावात 'मान्यता' हा शब्द आहे. जे आधीपासून अस्तित्वात आहे, त्यासच मान्यता देता येते. वृत्तपत्रांत आणि कार्यक्रमपत्रिकांत मात्र 'वनपट्टे वाटप' असा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. वाटपासाठी देणारा आणि घेणारा लागतो. ज्याच्याजवळ वस्तू आहे तो ती देतो आणि न दिल्यास तक्रार करता येत नाही. 'मान्यता' म्हटले की नागरिक हक्कदार ठरतो, 'वाटप' म्हटले की तो लाभार्थी ठरतो. 'अतिक्रमणधारक' आणि 'वननिवासी' ही जोडीही अशीच आहे. तीच व्यक्ती, तीच जमीन. पण पहिल्या शब्दात अपराध गृहीत धरला आहे, तर दुसऱ्यात वास्तव्य. वरच्या स्तरावर कायदा बदलला तरी खालच्या कार्यालयातील नोंदवहीत जुना शब्द टिकून राहतो आणि तोच निर्णयावर प्रभाव टाकतो.

तिसरा प्रश्न क्रियापदांच्या रूपांचा. पुढील तीन वाक्यांची तुलना करावी :

'ग्रामसभा दाव्यांवर ठराव करील.'
'ग्रामसभेस दाव्यांवर ठराव करता येईल.'
'ग्रामसभेने दाव्यांवर ठराव करून सादर करावेत.'

कायद्याच्या मराठीत भविष्यकाळी 'करील' हे रूप कर्तव्य दर्शविते. व्यवहारातील मराठीप्रमाणे ते भाकीत नसते. 'करता येईल' हे रूप मुभा दर्शविते. 'करावेत' हे विध्यर्थी रूप आदेशाचे किंवा विनंतीचे असते आणि बहुधा ते वरिष्ठाने कनिष्ठास उद्देशून वापरलेले असते. पहिल्या वाक्यात कायदा ग्रामसभेला एक कार्य सोपवितो. तिसऱ्या वाक्यात तेच कार्य कार्यालयाच्या सोयीचे काम होते. 'सादर' या शब्दाने ग्रामसभा कार्यालयाच्या खालच्या पायरीवर बसविली जाते. हेतू वाईट नसतो; परिपत्रकाचा साचाच तसा असतो. पण ज्या कायद्याने ग्रामसभेला साखळीतील पहिली कडी मानले, त्याच कायद्याच्या अंमलबजावणीत ती शेवटची कडी भासू लागते.

साक्ष आणि नोटीस : भाषेची जोखीम

वनहक्काच्या नियमांत पुरावा म्हणून केवळ कागदपत्रे मागितलेली नाहीत. गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले कथन, वंशावळ, जुनी बांधकामे, विहिरी, स्मशानभूमी, देवस्थाने यांसही पुरावा मानले आहे. अक्षरओळख नसलेल्या समाजाच्या स्मृतीला कायद्याने दिलेले हे स्थान फार मोलाचे आहे. मात्र ही स्मृती बोलीत असते आणि नोंद मराठीत होते. समजा, एखादा वृद्ध कोरकू भाषेत सांगतो की, अमुक दुष्काळानंतर त्याच्या आजोबांनी हे शेत काढले. नोंद करणाऱ्याने 'सदर इसम अनेक वर्षांपासून जमीन कसत आहे' असे लिहिले, तर दुष्काळाची खूण निघून जाते. वाक्य शुद्ध असते, पण पुरावा दुबळा होतो. कथन लिहून घेणाऱ्याने सांगणाऱ्याच्या खुणा, नावे आणि क्रम जसेच्या तसे ठेवावेत, हा प्रशासकीय लेखनाचाही नियम असला पाहिजे.

दुसरी जोखीम नोटिशीची आहे. ग्रामसभेच्या किंवा उपविभागस्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. २०१२ च्या दुरुस्तीनुसार दावा अमान्य झाल्यास त्याची कारणे लेखी नोंदवून दावेदारास कळविणे आवश्यक आहे. 'पुराव्याअभावी अमान्य' एवढेच लिहिले, तर कोणता पुरावा कमी पडला हे कळत नाही आणि ६० दिवस तसेच निघून जातात. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे अमान्य झालेल्यांना वनजमिनीवरून हटविण्यासंबंधी आदेश दिला आणि २८ फेब्रुवारी रोजी त्यास स्थगिती दिली. दावे फेटाळताना योग्य प्रक्रिया पाळली गेली होती का, हा प्रश्न त्या वेळी देशभर ऐरणीवर आला. नोटिशीतील एका ओळीवर कुटुंबाचे घर आणि शेत अवलंबून असू शकते, हे त्या पंधरवड्यात सर्वांना जाणवले.

महाराष्ट्रात याबाबत राज्याच्या पातळीवर एक पाऊल उचलले गेले. पाचव्या अनुसूचीनुसार राज्यपालांना अनुसूचित क्षेत्रात एखादा कायदा फेरबदलांसह लागू करण्याचा अधिकार आहे. त्याचा वापर करून मे २०२० मध्ये जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय समितीकडे अपील करण्याची तरतूद करण्यात आली. कायदा केंद्राचा, फेरबदल राज्याच्या घटनात्मक प्रमुखाचा आणि लाभ ग्रामसभेतून दावा केलेल्या नागरिकाचा, असे हे सहकार्याचे आणखी एक रूप आहे.

समारोप

तीन शासनस्तरांनी सहकार्य करावे, हे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात सहकार्य होते ते मजकुरांच्या देवघेवीतून : ठराव वर जातो, नियम खाली येतो, पत्र आडवे जाते. 'निस्तार' या शब्दाच्या बाबतीत वरच्या स्तराने खालचा शब्द स्वीकारला आणि कायदा वास्तवाच्या जवळ आला. 'बांबू'च्या बाबतीत दोन व्याख्यांचा मेळ बसेपर्यंत एका गावाला झगडावे लागले. 'ग्रामसभा', 'मान्यता', 'करील' या शब्दरूपांच्या बाबतीत तो मेळ अजून पूर्णपणे बसलेला नाही. आपल्यापैकी काही जण ग्रामपंचायतीत, तहसील कार्यालयात, शाळेत किंवा वृत्तपत्रात काम करीत असतील. शासकीय मजकूर लिहिण्याची, वाचून दाखविण्याची किंवा समजावून सांगण्याची वेळ त्यांच्यावर येतच असेल. त्या वेळी योग्य शब्द निवडणे हा केवळ भाषाशुद्धीचा भाग नसून नागरिकाचा हक्क शाबूत ठेवण्याचा भाग असतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'वने' हा विषय समवर्ती सूचीत आल्यामुळे केंद्र आणि राज्य यांच्या संबंधांत कोणता बदल झाला, ते सांगा.

२. 'निस्तार' या शब्दाचा अर्थ आणि प्रवास आपल्या शब्दांत लिहा.

३. 'मान्यता' आणि 'वाटप' या शब्दांमुळे नागरिक व शासन यांच्यातील नात्याचे चित्र कसे बदलते, ते स्पष्ट करा.

४. आपल्या ग्रामपंचायतीचा किंवा नगरपरिषदेचा एखादा ठराव अथवा सूचनाफलक मिळवा. त्यातील क्रियापदांची रूपे शोधून कर्तव्य, मुभा आणि आदेश अशी त्यांची वर्गवारी करा. त्यातील एक वाक्य सामान्य वाचकास सहज समजेल, परंतु अर्थ बदलणार नाही, अशा रीतीने पुन्हा लिहा.

५. आपल्या परिसरात सामाईक जमीन, पाणी किंवा जंगल यांच्या वापरासाठी रूढ असलेले शब्द वडीलधाऱ्यांकडून जाणून घ्या. त्यांची नोंद करताना सांगणाऱ्याचेच शब्द कायम ठेवा.